शेठच्या पाटीवरचं अक्षर

ते अक्षर माझं आहे. लालबाग-परळच्या रस्त्यांवर, एका चाळीच्या गॅलरीपासून समोरच्या चाळीच्या गॅलरीपर्यंत टांगलेल्या कापडी फलकांवर जे उंच, अरुंद, कोनाकोनांचं अक्षर दिसायचं, ते. आजवर कुणी विचारलं की "ते कमिटीचं अक्षर" असं म्हणून मी मोकळा व्हायचो आणि लोक मला नम्र समजायचे. नम्रता कसली? अक्षर माझं म्हटलं की त्याच्यामुळे जे जे झालं तेही माझंच म्हणावं लागतं, आणि त्यातली एक गोष्ट मला माझी म्हणायची नव्हती. आता पन्नाशी उलटली. आता म्हणतो.

मी तेव्हा गिरगावात पाट्या रंगवणाऱ्या एका दुकानात कामाला होतो. राहायला लालबागला, वडिलांच्या खोलीत; वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. गिरगावातलं अक्षर गोल. खानावळ असो, डॉक्टर असो, पंचांगवाला असो, अक्षराला पोट हवं, कुठे जाड कुठे बारीक हवं, मागे सावली हवी. मालक म्हणायचे, "पाटी वाचून माणसाला जेवल्यासारखं वाटलं पाहिजे." ते अक्षर मला येत होतं. चांगलं येत होतं. आजही त्या भागात माझ्या हाताच्या दोन-चार पाट्या आहेत, वर बघून चाललात तर ओळखता येतील.

संयुक्त महाराष्ट्राची हवा तापली आणि आमच्या चाळीची कमिटी झाली. तिचे चिटणीस वडिलांच्याच खात्यातले एक विणकर. सगळी चाळ त्यांना दादा म्हणायची, मीही. दादांनी गिरणीच्या दुकानातून मांजरपाटाचा एक लांब पट्टा आणला आणि माझ्यापुढे टाकला.

"संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. एका ओळीत. आणि ट्रामच्या थांब्यावरून वाचता आलं पाहिजे."

मी गिरगावच्या ऐटीत सुरुवात केली. 'संयुक्त महाराष्ट्र' एवढं झालं आणि कापड संपलं. दादा कमरेवर हात ठेवून बघत राहिले.

"अरे, पाहिजे तेच बाहेर राहिलं की रे!"

सगळी गॅलरी हसली. मी तो पट्टा उलटा केला आणि मागच्या बाजूने पुन्हा सुरू केलं. अक्षरं दोन्ही बाजूंनी दाबली, उंच केली. पोटं गेली. मग लक्षात आलं की वळणंही जायला हवीत. कापड कितीही ताणा, मधे ते झोळीसारखं हलतं. त्याच्यावर गोल फिरवायला गेलात की ब्रश घसरतो, वर रंग कापडात पसरतो. सरळ रेघ मात्र लाकडी पट्टीच्या कडेने एका दमात ओढता येते. म्हणून जिथे वळण तिथे कोन. ट म्हणजे कोपरे असलेला डबा. पुढच्या फलकांत ळ आला, तो म्हणजे शेजारी शेजारी बांधलेले दोन पतंग. झ ने सगळ्यात जास्त छळलं, पण तोही शेवटी वठणीवर आला. जाड-बारीक काही नाही, सगळीकडे एकच जाडी. खडूचं सूत मारून वर-खाली दोन रेषा घेतल्या की अक्षरं त्यांच्यामध्ये पलटणीसारखी उभी राहायची.

आईने गॅलरीतून खाली वाकून पाहिलं. "ह्या काय रे झिला, अक्षरां काढलंस की कुंपणाचे खुंट रोवलंस?"

गिरगावच्या मालकांच्या कानावर गेलं तेव्हा ते मुद्दाम लालबागला येऊन बघून गेले. "हे अक्षर नाही. हा खिडकीचा जंगला आहे."

"जंगला लांबून दिसतो, मालक," मी म्हटलं.

मला त्या अक्षराविषयी तेव्हा शंका नव्हती, आजही नाही. मोर्चा चालत असताना, पाच माणसांच्या डोक्यावरून, मागचा सूर्य डोळ्यांत येत असतानाही ते वाचता यायचं. वाचण्याआधीच ओळखू यायचं, हे तर त्याहून मोठं. करी रोडच्या लोकांनी येऊन ते कागदावर उतरवून नेलं. वरळीच्या चाळींत ते गेलं. घोडपदेवच्या एका फलकावरचा ळ बघून मला हसू फुटलं, दोन्ही पतंगांनी एकमेकांना काटलं होतं. पण अक्षर तेच होतं. हरताळाला जी दुकानं बंद राहायची त्यांच्या दारावर आमची कमिटी त्याच अक्षरात लिहिलेली एक छोटी पट्टी लावायची. पट्टी असलेलं दुकान आपलं. कुणी तसा ठराव केला नव्हता, पण रस्त्याने ते ठरवून टाकलं होतं.

आमच्या रस्त्याच्या तोंडाशी रंगाचं दुकान होतं. शेठ काठियावाडचे. दुकान त्यांच्या वडिलांनी काढलेलं, मागच्या खोलीत शेठ आणि शेठाणी राहायचे. काळी टोपी कायम डोक्यावर. टोपीशिवाय ते गिऱ्हाइकासमोर यायचे नाहीत. दुकानावर पाटी होती ती मोठ्या गुजराती अक्षरांत आणि खाली इंग्रजीत. फलकांचा काळा रंग मी त्यांच्याकडूनच घ्यायचो. मला ते पेंटर म्हणायचे. माझ्या वयाला तेव्हा तो मान जरा मोठाच होता, त्यामुळे मला ते आवडायचे.

एका हरताळाच्या सकाळी माझा रंग संपला. फलक दुपारच्या मोर्चाला हवा होता आणि निम्मी ओळ रिकामी होती. आदल्या दिवशी दादांनी विचारलं होतं, "रंग पुरेल ना?" आणि मी म्हटलं होतं, "मला शिकवता काय दादा?" मी शेठच्या मागच्या दाराने गेलो.

"आज बंद, पेंटर."

"फलकालाच पाहिजे शेठ. कमिटीचंच काम आहे."

शेठ वळून आत दुकानात गेले. मीही मागोमाग गेलो. दुकानाला पुढून फळ्यांचं दार. सगळ्या फळ्या लावलेल्या, आत मिट्ट काळोख. डबा सापडेना म्हणून त्यांनी एक फळी काढली, उजेडापुरती. डबा दिला, फळी परत लावली. मी मागच्या मागे निघून आलो. फलक वेळेवर झाला. तसा देखणा फलक त्या महिन्यात दुसरा निघाला नाही, हे मी आजही सांगतो.

संध्याकाळी जिन्याखाली कमिटी बसली. समोरच्या चाळीतल्या एकाने फळी निघालेली पाहिली होती.

"शेठने बंद मोडला. भर सकाळी धंदा करत होता."

"कुणाला दिलं?"

"ते नाही दिसलं. पण फळी निघाली, ती ह्या डोळ्यांनी बघितली."

मी तिथेच बसलो होतो. बोटांच्या पेरांत तो काळा रंग अजून होता. मी काही बोललो नाही. आदल्या दिवशीची बढाई अंगाशी आली असती, हे एक. आणि दुसरं, जे मी कुणालाच सांगितलेलं नाही: शेजारच्या चाळीतल्या एकाचा हात तेव्हा चांगला बसायला लागला होता. माझ्याकडून काही चुकलं म्हटल्यावर ब्रश त्याच्याकडे गेला असता. तुरुंगाची मला भीती वाटत नव्हती, लाठीची नव्हती. फलक दुसऱ्याने लिहायची वाटत होती.

शेठच्या दारावरची पट्टी काढली गेली. आमच्या चाळींतून त्यांच्याकडे गिऱ्हाईक जायचं थांबलं. पुढच्या गल्लीत एका दुकानाच्या गुजराती पाटीला डांबर फासलं गेलं आणि त्याच दिवशी शेठच्या फळीवर कुणीतरी खडूने 'आता तू' असं लिहिलं. अक्षर गचाळ होतं. शेठाणींचं बाजारात जाणं बंद झालं. शेठ विचारणाऱ्याला एवढंच सांगत, "फळी काढली, खरं आहे." कुणासाठी काढली, हे त्यांनी सांगितलं नाही.

मग एक दिवस त्यांनी मलाच हाक मारली.

"पेंटर, मला मराठीत पाटी करून दे. 'रंगाचे दुकान' एवढंच लिही."

"देतो की."

"साधं लिही. गोल लिही. पोरांच्या पुस्तकात असतं तसं. लोकांनी वाचायचं आणि पुढे जायचं, बस."

इथे मी थांबायला हवं होतं. गिरगावचं अक्षर माझ्या हातात होतं. एका दुपारचं काम. लोकांनी वाचलं असतं आणि पुढे गेले असते. पण मी म्हटलं, "शेठ, माझं अक्षर लावा. ते दारावर असलं की कुणाची हात लावायची छाती नाही."

"ते तुमचं. कमिटीचं."

"ते माझं आहे."

शेठ टोपी सारखी करत म्हणाले, "तू म्हणतोस तर लिही."

त्यांच्या दुकानाच्या काळजीने मी ते सुचवलं, असं मी कैक वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं ते नाही. कापडावरचं अक्षर एका दिवसाचं. मोर्चा संपला की फलक कुणाच्या तरी घरी पोतेरं व्हायचा. माझा झ मी एकदा मोरीच्या उंबऱ्यावर पाहिला आहे. मला ते अक्षर सागाच्या फळीवर, तेलरंगात, उन्हापावसात टिकणारं हवं होतं. शेठकडे साग होता, रंग होता, आणि त्यांना गरज होती.

रविवारी दुपारी त्यांच्या मागच्या अंगणात मी ती पाटी लिहिली. फळी हलत नव्हती. कापडावर जे कधीच जमलं नव्हतं ते सगळं जमत गेलं. कोपरे धारदार आले, दोन अक्षरांमधल्या फटी सारख्या आल्या, च चं पोट असं काटकोनात बसलं की मी उठून लांब जाऊन बघून आलो. शेठ शेजारी पाटावर बसून डब्याच्या झाकणावर माझी एकेक रेघ गिरवत होते, गंमत म्हणून. पाटी झाली तेव्हा म्हणाले, "सरस छे." मग मला म्हणाले, "उद्या मी लावतो. तू इथे आला नव्हतास."

त्यांनी ते माझ्यासाठी म्हटलं होतं, आणि मी लगेच मान डोलावली.

सोमवारी पहिली पाळी सुटली आणि गिरणीतून येणारी माणसं दुकानासमोर थांबायला लागली. मी गिरगावाहून लवकर परतलो होतो. कशाला, ते उघड आहे: लोक माझी पाटी बघतात कशी ते मला बघायचं होतं. ते बघत होतेच.

"बंद मोडायचा आणि वर आपलं अक्षर लावायचं!"

"काढा रे ती पाटी."

"काढता काय, फोडा!"

कुणीतरी दादांना बोलावून आणलं. दादांनी मान वर करून पाटी नीट वाचली, दोनदा वाचली असावी. मग गर्दीत मला शोधून काढलं.

"तू काढलंस काय रे हे?"

"नाही, दादा."

"मग कुणी?"

"आता सगळेच काढतात. घोडपदेववालेसुद्धा काढतात."

घोडपदेववाले काढत होते, हे खरंच होतं. तेवढं खरं मी पुढे केलं आणि त्याच्या आड उभा राहिलो.

तेवढ्यात शेठ पायरीवर आले. आरडाओरडा ऐकून तसेच बाहेर आलेले. म्हणाले, "मी काढला."

मग मागून एक आवाज आला, "शेठ, दात काढा, अक्षर कशाला काढता?" थोडे हसले. बाकीचे हसले नाहीत.

दादा म्हणाले, "तुम्ही काढलंत? मग काढून दाखवा."

कुणीतरी आतून काळ्याचा डबा आणि ब्रश आणला. शेठनी दाराच्या पहिल्या फळीवर, जिच्यावर 'आता तू' लिहून पुसलेलं होतं तिच्यावर, लिहायला घेतलं. झाकणावर गिरवलेलं त्यांचा हात विसरला नव्हता. र उंच आला, अरुंद आला, खालचा कोन बरोबर आला. वर टिंब दिलं. मग ग आला, तोही सरळ उभा. 'रंग'. आणि त्यांनी ब्रश खाली ठेवला.

वर रेघ नव्हती. उभ्या जन्माची बिनरेघेची गुजराती लिहिण्याची सवय. त्यांच्या लेखी शब्द पुरा झाला होता. शिरोरेषेवाचून ती दोन अक्षरं फळीवर एकटीएकटी उभी होती.

"शेठ, टोपी विसरलात!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

शेठचा हात झटकन स्वतःच्या डोक्यावर गेला. ते खरोखरच बोडक्याने बाहेर आले होते. आणि मग मात्र सगळी गर्दी हसली, मोठ्याने, पोटापासून. गिरणीच्या पाळीचा शीण निघावा तशी हसली. शेठही हसले. हसताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते हसण्याचं होतं की नाही, हे विचारायला मी गेलो नाही.

दादांनी ब्रश उचलला. "आणा इकडे." त्यांनी र च्या आधीपासून ग च्या पलीकडेपर्यंत एक रेघ ओढली. साचा चालवणारा हात तो. रेघ सुरुवातीला बोटभर जाड, पुढे उजवीकडे उतरत गेलेली, आणि वाटेत टिंबाचा अर्धा भाग तिने गिळला.

"घ्या. झालं मराठी. पाटी राहू द्या रे. चला, घरी जेवायला थांबलेत."

आणि गर्दी पांगली. दुकान वाचलं.

मी काय करत होतो, तेही सांगतो. मी त्या रेघेकडे बघत होतो. एका माणसाने माझ्यासाठी भर रस्त्यात खोटं बोलून परीक्षा दिली होती, आणि माझ्या मनात एवढंच होतं की रेघ उतरती आहे, सूत मारायला हवं होतं. जाताना दादांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुझा र जरा बरा असतो." त्यांना कळलं होतं की नाही, हे मला आजही ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी दादांची बायको शेठकडून गेरू घेऊन आली आणि मग सगळ्यांचीच ये-जा सुरू झाली. पण बंद मोडल्याचा डाग काही गेला नाही. राज्य झालं, रोषणाई झाली, फलक उतरले, तरी आमच्या रस्त्यावर त्यांना 'फळीवाले शेठ' म्हणत राहिले. रागाने नाही, चेष्टेने, पण म्हणत राहिले. शेठ आता नाहीत. दादा आहेत, आणि चष्मा लावून का होईना, छापलेलं सगळं वाचतात. तर दादा, ती फळी माझ्यासाठी निघाली होती. रंग तुमच्या फलकाला लागला. बंद मी मोडला.

त्या सोमवारनंतर दोन-तीन दिवसांनी मी पट्टी, सूत आणि पांढऱ्याचा डबा घेऊन शेठकडे गेलो होतो. माफी मागायला गेलो होतो, असं म्हणायला मला आवडलं असतं. दादांची रेघ सरळ करायला गेलो होतो.

"हात नको लावू," शेठ म्हणाले. टोपी डोक्यावर होती. "ही दादांनी मारलेली लाइन आहे. उद्या कोण आला तर मी त्याला हीच दाखवणार."

"वाकडी आहे, शेठ."

"असू दे." मग त्यांनी वर बोट केलं, माझ्या पाटीकडे. "तुला काम करायचं आहे ना? ती उतरव. घास. मी सांगितलं होतं तसं लिही."

"ती चांगली आहे, शेठ. तशी पाटी सगळ्या लालबागमध्ये नाही."

"नाही ना? म्हणून तर सगळे थांबले." ते चिडले नव्हते. रंगाची छटा सांगावी तसं सांगत होते. "मला थांबवायचं नाही, पेंटर. मला रंग विकायचा आहे."

मी पाटी उतरवली. मागच्या अंगणात नेली आणि पत्र्याच्या तुकड्याने घासायला बसलो. तेलरंग वरून सुकला होता, आतून ओला होता. लांब काळ्या सालींनी निघत होता. च ला मी थोडा वेळ हात लावला नाही. मग तोही घासला. शेठाणी चहा आणून ठेवून आत गेल्या.

साग पुन्हा कोरा झाल्यावर मी पोरांच्या पुस्तकातलं गोल अक्षर काढलं. सावली दिली नाही, ऐट केली नाही. शेठ शेजारच्या पाटावर बसून होते, पण या वेळी त्यांनी काही गिरवलं नाही. 'रंगाचे दुकान.' पाटी वर चढवून मी रस्ता ओलांडून समोर गेलो आणि तिथून बघितलं. ट्रामकडे निघालेला एक माणूस मान वर करून वाचत आला, वाचलं, आणि न थांबता पुढे गेला.